उशाकडची भिंत

ओल्ड लँडिंग, सेंट हेलेना बेट,
साउथ कॅरोलायना
३ जून १९७९, रविवार

टिटा लव्हिनिया,

सगळ्यांत आधी कोण टपकलं असेल? माझी थोरली मावसबहीण ना तू, सांग बघू! बरोब्बर. आपल्या चर्चच्या डीकन फ्रिपची हेस्टर. पाहुण्यांची गाडी अजून पुलावरसुद्धा आली नसेल, आणि ही बाई माझ्या पडवीत खुर्ची अडवून, पंख्यानं वारा घेत बसलेली. म्हणते, "टुकी, तुझ्याकडे सरकारी माणसं येतायत म्हणे. म्हटलं, तुला एकटीला सुचायचं नाही." मला सुचायचं नाही! चौऱ्याहत्तर वर्षं मी काय हिच्या डोक्यानं जगले? पण पोर्चखाली कोंबड्या, मांडीवर भेंड्यांची परात, भांडायला सवड कुठे होती? म्हटलं, बस बाई, आलीच आहेस तर भेंड्या चीर.

मग पाहुणे आले. दोघं. एक मिस गिलयार्ड. आपल्यातलीच पोर, पस्तिशीची असेल, कॉलेजात इतिहास शिकवते. पोर कसली, तिच्यापुढे मीच पोर वाटत होते. आणि दुसरा मिस्टर हॅस्केल, गोरा, राजधानीतल्या इतिहास मंडळाचा. इतका काटकुळा की हेस्टर माझ्या कानात पुटपुटली, "याला आधी जेवू घाल, मग प्रश्न विचारू दे." कोळंबी-भेंडीचं कालवण आणि भात वाढला. तीनदा मागून घेतलं त्यानं. माणूस चांगला असावा.

आता मुद्द्यावर येते. रस्त्याच्या कडेला खांबावर लोखंडी फलक असतात ना, अमुक सेनापती इथे उतरला, तमुक सेनापतीचा घोडा इथे पाणी प्यायला? तसा एक फलक त्यांना आपल्या माणसाचा लावायचाय! कुणी आयझॅक रॅन्सम म्हणून होता. गुलामगिरी उठल्यावर आपली माणसं राजधानीत निवडून गेली होती ना, त्यातला. टिटा, मिस गिलयार्ड सांगत होती आणि माझ्या अंगावर शहारे येत होते. त्या दगडी सभागृहात गोऱ्यांपेक्षा आपलीच डोकी जास्त होती म्हणे! शेतात राबलेली, जहाजावर राबलेली माणसं, आणि बसून कायदे करतायत. रॉबर्ट स्मॉल्सचं तर इथं शेंबडं पोरही सांगेल, शत्रूचं जहाज त्याच्याच नाकासमोरून कसं पळवलं ते. पण हा रॅन्सम वरच्या लाल मातीकडचा. काळ्यागोऱ्या सगळ्या पोरांना शाळा हवी म्हणून उभ्या सभागृहात भांडला. आणि अठराशे शहात्तर सालच्या त्या मारामाऱ्यांत जो नाहीसा झाला, तो झालाच. कुठल्या तरी जुन्या पत्रात एवढंच सापडलंय, की तो खाली बेटांकडे गेला.

तिनं विचारलं, "एव्हलिनामावशी, तुमच्या बेटावर कुणी आयझॅक रॅन्सम होता?"

मी म्हटलं, "बाई गं, इथली एक न् एक कबर मी ओळखते. कोण कुठे निजलंय, कुणाच्या डोक्याशी रिवाजाप्रमाणे कुठली फुटकी बशी ठेवलीय, सगळं मला पाठ आहे. रॅन्सम नावाचा माणूस इथे जन्मलाही नाही आणि मेलाही नाही." हेस्टरनंही मान डोलावली. जन्मात पहिल्यांदा ती माझ्याशी सहमत झाली असेल.

कबर सापडली तर फलक आपल्या चर्चच्या दारात. नाही सापडली, तर त्याच्या वरच्या गावच्या कोर्टासमोर. ऑगस्टच्या मध्याला मंडळ ठरवणार. मला मनातून इतकं वाईट वाटलं! आपल्या बेटावर निघाला असता तो, तर काय झालं असतं?

मग उगीच गप्पा निघाल्या, आपल्या आजोबांच्या, पापा कूटाच्या. आठवतं ना, प्रार्थनाघरात बोलायला उभे राहिले की एक हात पाठीमागे घ्यायचे, घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "अध्यक्ष महाराज!" समोर कोण, तर डीकन, दोन म्हाताऱ्या आणि आपण पोरं. सगळे फिदीफिदी हसायचे. मी नक्कल करून दाखवली. मिस्टर हॅस्केल हसला. मिस गिलयार्ड हसली नाही, वहीत काहीतरी लिहीत बसली. मग विचारते, "कूटा हे घरचं नाव. खरं नाव काय होतं?" मी म्हटलं, "कासवाला कसलं आलंय खरं नाव? बेटावर आले तेव्हा वर्षभर मान बाहेर काढली नाही, म्हणून कूटा. आडनाव आजीचं, केपर्स. कबरीवरही तेवढंच आहे."

माझा नातू अलोन्झो बरा आहे. त्यानं माझ्या भिंतींना नवे लाकडी तक्ते ठोकायचं मनावर घेतलंय. तुझे गुडघे कसे आहेत? हात दुखला, थांबते.

तुझी
टुकी


फिलाडेल्फिया
१४ जून १९७९

टुकी,

पत्र पोचलं. गुडघे आहेत तसेच आहेत.

त्या पाहुण्यांना पुन्हा घरात घेऊ नकोस. त्यांच्या कुठल्याही कागदावर सही करू नकोस. परक्या माणसांपुढे पापांच्या नकला करायची काही गरज नव्हती. मेलेल्या माणसाला सुखानं पडू द्यावं.

लोखंडी फलकानं कुणाचं काय भलं झालंय? आज लावतात, उद्या त्यावर कुणीतरी बंदुकीचा नेम धरतो. रिज क्रॉसिंगच्या लोकांना हवा असेल तर घेऊ देत त्यांच्या कोर्टासमोर. आपला काय संबंध?

आणि अलोन्झोला सांग, भिंती आहेत तशा राहू दे. जुनं घर आहे, उगीच उचकटू नये.

लव्हिनिया


ओल्ड लँडिंग
२४ जून १९७९, रविवार

टिटा,

तुझं पत्र हेस्टरला वाचून दाखवायला काढलं होतं. नशीब, आधी मनातल्या मनात वाचलं. एवढं फटकारायला मी काय केलं? माणसं घरी आली, जेवली, चार शब्द बोलली. तिकडे मोठ्या शहरात दाराला तीन-तीन कड्या लावून राहतेस, म्हणून आम्हीही दार लावून घ्यायचं का?

दोन दिवस फुरंगटून बसले होते. मग भात निवडताना एकदम डोक्यात आलं. माझं पत्र मी ओळ न् ओळ आठवून पाहिलं. टिटा, रिज क्रॉसिंग हे नाव मी लिहिलंच नव्हतं! मिस गिलयार्डनं सांगितलं होतं खरं, पण मला ते धड लिहिता येईना, म्हणून मी नुसतं "वरचं गाव" लिहून मोकळी झाले. मग तुला कुणी सांगितलं?

मी चौथीतून शाळा सोडली असेल, वर्षातून तीन महिने भरायची तीही. पण मला गप्प बसवायला बघशील तर ते नाही व्हायचं. तुला काहीतरी माहीत आहे. सांगायचं नसेल तर तसं सांग, पण माझ्यावर डोळे वटारू नकोस. मी आता आठ वर्षांची नाही.

अलोन्झोचं काम निम्मं झालंय. बाहेरच्या खोलीच्या भिंती झाल्या, माझ्या खोलीच्याही तीन झाल्या. अक्रोडाच्या लाकडासारखे दिसतात तक्ते, इतके चकाचक की त्यात मला माझी हनुवटी दिसते, दोन्ही दिसतात. जुने कागद खरवडून परसात जाळले. चौथी मात्र, उशाकडची, मी त्याला हात लावू दिली नाही. म्हणाला, "आजी, आता कुठली हडळ आणि कुठलं काय! घराघरांत वीज आली." मी म्हटलं, "वीज आली म्हणून काय झालं? तिला वाचता बरं येईल." भिंतीवर वर्तमानपत्र असलं की हडळीला त्यातला शब्द न् शब्द वाचल्याशिवाय माणसाच्या छातीवर बसता येत नाही, आणि वाचता वाचता कोंबडा आरवतो. आपली आजी काय वेडी होती? आता नव्या तक्त्यांवर ती काय वाचणार? लाकडाच्या रेघा?

पण तो ऐकायचा नाही. चार जुलैचा सण झाला की कोळंबीच्या बोटीवरून परत येईल आणि ती भिंतही काढीन म्हणतो.

उत्तर पाठव. रागावलेलं असलं तरी चालेल.

टुकी


फिलाडेल्फिया
२९ जून १९७९

टुकी, माझ्या बाळे,

हे पत्र मी जलद टपालानं पाठवतेय. त्या भिंतीला अलोन्झोला हात लावू देऊ नकोस. मग बाकीचं वाच.

तुला कोणी फसवू शकत नाही, मी तर नाहीच नाही. तू ज्याची कबर नाही म्हणालीस, त्याच्या कबरीवरचं गवत दर वर्षी तूच काढतेस. आयझॅक रॅन्सम म्हणजे आपले पापा कूटा.

आजी गेली तेव्हा तू सोळाची होतीस, स्वयंपाकघरात रडत होतीस. तिनं मला एकटीला जवळ बोलावलं. आठवणीतलं शब्दशः सांगते. म्हणाली, "तुझ्या आजोबांचं नाव मोठं होतं. मोठ्या घरात, मोठ्यानं घेतलं जायचं. मग लाल सदरे घातलेली गोरी माणसं घोड्यांवरून आली. घर जाळलं, शाळा जाळली, त्यांच्याबरोबरच्या दोघांना झाडाला बांधून मारलं. हे चिखलातून, नदीतून, कापसाच्या होडीत गोण्यांखाली पडून इथवर आले. मी विचारलं, नाव काय? तर म्हणाले, नाव वर ठेवून आलोय." पुढे म्हणाली, "जोवर त्या माणसांची नातवंडं कोर्टात बसतायत, तोवर ते नाव तोंडातून काढू नकोस. शपथ घे." मी घेतली.

मला राग येतो टुकी, स्वतःचा. इथे आल्यावर एका घरी मी अठरा वर्षं स्वयंपाक केला. एकदा जेवणाच्या टेबलावर एक पाहुणा हसत हसत सांगत होता, की दक्षिणेत म्हणे एके काळी अडाणी गुलाम आमदार झाले होते, पाय टेबलावर टाकून शेंगदाणे खात बसायचे. सगळे हसले. मी त्याच्या ताटात सूप वाढत होते. मी वाढलं. पळी हलू दिली नाही. तेवढीच माझी बहादुरी. त्या रात्रीपासून गावी यायची हिंमत झाली नाही. तुझ्यासमोर बसून पापांच्या गप्पा मी कोणत्या तोंडानं मारल्या असत्या?

आता भिंत. घर बांधलं तेव्हा उशाकडचा पहिला थर पापांनी स्वतःच्या हातानं चिकटवला, असं आजीनं सांगितलं. त्यांचे कागद होते ते. जवळ ठेवण्यात जिवाला धोका होता आणि जाळायला हात होईना. म्हणून पिठाची खळ केली आणि भिंतीला लावून टाकले, उलटे, डोकं खाली. कुणी घर धुंडाळलंच तर वाटावं, बेटावरच्या अडाण्यांनी हडळीसाठी रद्दी लावलीय. त्यावर मग आजीनं थर दिला, तुझ्या आईनं दिला, तू दिलास. ते कागद अजून आहेत की नाहीत, देव जाणे.

शपथ मोडली. आता काय व्हायचं ते होऊ दे.

तुझी टिटा


ओल्ड लँडिंग
८ जुलै १९७९, रविवार

टिटा गं, टिटा!

आहेत! आहेत, आहेत, आहेत! आधी हे ऐक, मग पाणी पी, मग पुढचं वाच.

तुझं पत्र आलं तेव्हा अलोन्झो हातात पहार घेऊन पलंग सरकवतच होता. पोस्टमन अंगणात, मी दारात, हा आत. मी पाकीट फोडलं, पहिली ओळ वाचली आणि अशी किंचाळले की त्याच्या हातून पहार त्याच्याच पायावर पडली. अंगठा सुजलाय. अर्धं पत्र त्याला वाचून दाखवलं. उरलेलं त्यानं वाचलं. तीस वर्षांचा बाप्या, पडवीत जाऊन उभा राहिला, समुद्राकडे तोंड करून. मग आत येऊन म्हणाला, "आजी, मी तीन भिंती जाळल्या." मी म्हटलं, "जाळल्यास त्या हडळीच्या होत्या. ही आपली आहे."

किटली ठेवली. वाफ धरायची, लोण्याच्या सुरीनं कड उचलायची, फुंकर घालायची, पुन्हा वाफ. सगळ्यात वरचा थर माझा, लढाईच्या वर्षांतला, साबणाच्या जाहिराती नुसत्या. त्याखाली आईचा, कापसाच्या बोंडअळीची रडगाणी. त्याखाली आजीचा, पंचांगाची पानं. आणि मग तंबाखूच्या पानासारखा तपकिरी एक कागद, सगळी अक्षरं डोक्यावर उभी.

आता उलटं वाचायचं कसं? अलोन्झोनं मान वाकडी केली, ती तशीच आखडली. हेस्टर (तिला वास लागतोच) म्हणाली, आरसा आणा. आरशात ते आणखीच भलतं दिसायला लागलं. इतकी धांदल, इतकी वाफ, मला घेरी आली. म्हटलं जरा पडते. पलंग भिंतीला लावला, उशाकडे डोकं केलं, मान मागे टाकून वर पाहिलं, आणि टिटा, सगळी अक्षरं पायावर उभी राहिली! सुलटी! समजलं का तुला? शोधायला येणाऱ्यांसाठी ते उलटं होतं. निजलेल्या माणसासाठी सुलटं. पापा रोज त्या पलंगावर पडायचे, मान मागे टाकायचे आणि स्वतःचं भाषण वाचायचे. आम्हाला वाटायचं, म्हातारा छताकडे बघतोय.

मी वाचलं. मीच वाचलं, दुसऱ्या कुणाला वाचू दिलं नाही. एकेका शब्दाला बोट लावत, हेस्टर दम धरून उभी. वर लिहिलंय, "रिज क्रॉसिंगचे सन्माननीय सदस्य श्री. आयझॅक रॅन्सम बोलायला उभे राहिले." सन्माननीय, टिटा! मग खाली:

"अध्यक्ष महाराज, अक्षर ओळखलं म्हणून ज्या मुलाच्या बापाच्या पाठीवर फटके बसले, त्या मुलाला शाळा हवी की नको, हा प्रश्न विचारायला आपण इथे जमलो आहोत काय? मला वाचायला कोणी शिकवलं नाही. मी दुकानाच्या पाट्या बघून चोरून शिकलो. माझ्या मुलीनं चोरी करावी अशी माझी इच्छा नाही. आणि ज्यानं मला फटके मारले, त्याच्या मुलानंही अडाणी राहावं अशी माझी..."

इथे खिडकी आली. शेचाळीस साली वारा यावा म्हणून आम्हीच पाडलेली. बाकीचं भाषण त्या खिडकीतून गेलं. खूप रडले. मग डोळे पुसले आणि खिडकीच्या या बाजूला वाफ धरली. तिथे निवडून आल्याचं सरकारी पत्र निघालं, त्यांच्या नावाचं, खाली राज्याचा शिक्का.

मिस गिलयार्डला चर्चच्या ऑफिसातून फोन केला. चार तासांत आली, कुठून कशी गाडी हाकली कुणास ठाऊक. पलंगावर पडून तिनंही वाचलं. उठली ती माझ्या गळ्यातच पडली. पण मग नाक पुसून म्हणाली, "मावशी, मंडळ विचारणार की कागद रॅन्समचे हे खरं, पण कूटा केपर्स म्हणजेच रॅन्सम हे कशावरून? कुणाचे तरी कागद कुणाच्या तरी भिंतीवर लागू शकतात. ज्यांनी आजीच्या तोंडून ऐकलंय, त्यांनी वकिलापुढे शपथेवर लिहून द्यायला हवं." म्हणजे तू. तुझ्याशिवाय जिवंत साक्षीदार कुणी नाही.

मला कळतंय मी काय मागतेय. मला सांगणं वेगळं, कोर्टाच्या कागदावर सांगणं वेगळं. नाही म्हणालीस तर फलक रिज क्रॉसिंगला जाईल, आणि पापा कूटा आपल्या मातीत नुसता जाळी विणणारा म्हातारा राहील. तरी मी तुझ्यावर रागावणार नाही. (रागावेन, पण पत्रात लिहिणार नाही.)

टुकी


फिलाडेल्फिया
२० जुलै १९७९

टुकी,

गेले होते. रविवारची टोपी घातली, पांढरे हातमोजे घातले आणि बसमधून उतरून वकिलाच्या चौथ्या मजल्यावर पोचले. पोरगेलाच होता तो वकील. हात वर करून शपथ घ्या म्हणाला. मी म्हटलं, "बाबा, एक शपथ मोडण्यासाठी दुसरी घ्यायला आलेय, जरा दम खाऊ दे." त्यानं खुर्ची दिली.

सगळं सांगितलं. लाल सदरे, होडी, आजीचे शब्द. टाइप करणारी बाई मध्येच थांबली, म्हणाली, "तुम्हाला पाणी हवंय का?" मी म्हटलं, "मला नको. तुम्हाला हवं असेल तर प्या."

शेवटी त्यानं विचारलं, "आजोबांचा व्यवसाय काय लिहू?" मी उभी राहिले, गुडघ्यांसकट. म्हटलं, "लिहा. सदस्य, विधानसभा, साउथ कॅरोलायना." बाहेरच्या खोलीतली माणसं वळून बघायला लागली, इतक्या मोठ्यानं म्हटलं. अठ्ठावन्न वर्षं तोंडात धरलेला शब्द होता, हळू कसा निघेल?

आजीला वाईट वाटलं असेल का गं? रात्रभर तोच विचार. मग वाटलं, ती म्हणाली होती "जोवर". "कधीच नाही" असं म्हणाली नव्हती.

मंडळ काय म्हणतं ते कळव. वाट बघते.

टिटा


ओल्ड लँडिंग
१९ ऑगस्ट १९७९, रविवार

टिटा लव्हिनिया,

झालं! मंगळवारी राजधानीत मंडळ बसलं, आणि परवा दोघंही स्वतः सांगायला आले. त्या दिवशीही सगळ्यांत आधी कोण आलं असेल ते विचारूच नकोस. तिला अर्ध्या बेटाला सांगायचं होतं, की पापा कूटा कुणीतरी मोठा माणूस असणार असं ती पहिल्यापासून म्हणत होती. म्हणू दे. आज मी सगळ्यांना माफ करायच्या लहरीत आहे.

मिस्टर हॅस्केल म्हणाला, मंडळावरचा एक म्हातारा सदस्य खूप कुरकुर करत होता. कसला भिंतीचा पुरावा आणि कसलं काय. मग मिस गिलयार्डनं तुझं शपथपत्र उभं राहून वाचलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आणि सावकाश. तो म्हातारा मध्ये एकदा चष्मा पुसायला लागला, तो शेवटपर्यंत पुसतच होता. मग सगळ्यांनी हात वर केले. त्यानंही केला.

तर फलक आपल्याकडे! चर्चच्या दारात, मोठ्या ओकच्या झाडाखाली.

पण भांडण झालंच. त्यांनी मजकूर लिहून आणला होता. लोखंडावर अक्षरं मोजून बसवावी लागतात म्हणे, एक जास्त झालं तरी चालत नाही. वर ठळक "आयझॅक रॅन्सम". छान. खाली "थोर आणि आदरणीय लोकनेते व शिक्षणाचे पुरस्कर्ते" वगैरे. छान. मी सगळं दोनदा वाचलं आणि विचारलं, "आणि कूटा कुठाय?"

मिस्टर हॅस्केल म्हणाला, "मावशी, ते घरचं नाव. सरकारी फलकावर..."

मी म्हटलं, "लेका, तुमच्या सरकारात त्याचं नाव आठ वर्षंसुद्धा टिकलं नाही. आमच्याकडे एकोणचाळीस वर्षं टिकलं. आयझॅक रॅन्समला ज्यांनी मारायला धरलं ती माणसं तुमच्याकडची. कूटाला ज्यांनी गोण्यांखालून बाहेर काढलं, कोरडे कपडे दिले, बायको दिली आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही, ती या बेटावरची. दोन्ही नावं येतील, नाहीतर तुमचा खांब तुमच्याकडेच ठेवा." अलोन्झो माझी बाही ओढत होता. मी कुठली ऐकते!

मिस गिलयार्ड खाली बघून हसू दाबत होती. मग तिनंच पेन्सिल घेतली, "थोर आणि आदरणीय लोकनेते व" यावर काट मारली, मोजलं, पुन्हा मोजलं, आणि त्या जागी लिहिलं, "या बेटावर कूटा या नावाने राहिले." चपखल बसलं. एक अक्षर इकडे नाही की तिकडे नाही. थोर म्हणायची गरजच काय? वाचणाऱ्याला कळेल की.

भिंत आता काढत नाही. अलोन्झोनं त्या कागदांवर काचा बसवल्या, कडेनं लाकडी पट्टी मारली, सुतारकामाचा सगळा जीव ओतला त्यात. प्राथमिक शाळेच्या पोरांना घेऊन मास्तरीण आली होती. मी एकेकाला पलंगावर निजवलं, मान मागे टाकायला लावली आणि वाचायला लावलं. जे अडखळलं त्याला मीच शब्द सांगितले. मी, टिटा! चौथी नापास! कपडे मळलेत पलंगाचे, मळू देत.

आता तुझं काम. फलकावर कापड टाकून ठेवतात, ते कुणीतरी ओढायचं असतं. गव्हर्नरच्या ऑफिसातून कुणाला तरी बोलवायचं चाललं होतं. मी सांगितलं, माझी मावसबहीण ओढेल. आणि नुसतं ओढायचं नाही. कापड पडलं की पापांचं खरं नाव मोठ्यानं घ्यायचं, इथे, या मातीवर, पहिल्यांदा. ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून निघता कामा नये. गुडघे दुखतात हे मला माहीत आहे, अलोन्झो गाडी घेऊन सॅव्हाना स्टेशनवर उभा राहील. तुझ्यासाठी पापांच्याच खोलीत पलंग लावलाय. लाल भात करीन, खेकडे उकडीन, गोड चहा माठभर करीन. छप्पन्न वर्षांनी येतेयस, तेव्हा रडू आधीच आवरून ये, इथे वेळ मिळायचा नाही. सगळं बेट येणार आहे.

पाहुण्यांनी निघताना भिंतीवरच्या माझ्या कॅलेंडरवर स्वतःच्या हातानं गोल केलाय. ते खांब आणि फलक घेऊन येणार आहेत शनिवारी, तेरा ऑक्टोबरला, सकाळी दहा वाजता.

तुझी
टुकी